उजवीकडची नथ

आबा, रविवारी तुमची शोकसभा आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव तिसरं आहे. आधी एक मंत्री, मग एका साखर कारखान्याचे चेअरमन आणि मग मी. काल सकाळी म्हादूदादा सायकल मारत निरोप घेऊन आला. तुमची गाडी चालवून चालवून त्याचे गुडघे गेले, पण सायकल काही सुटली नाही. दारातूनच म्हणाला, "बाई, तुमी ती नथीची गोष्ट सांगायची, असं वैनीसायबांनी सांगितलंय. लोकं तीच ऐकाया येनार हायती."

म्हणजे आपल्या दोघांत वीस-बावीस वर्षं लोंबकळत राहिलेला प्रश्न आता माझ्या एकटीच्या गळ्यात आला. गोष्ट सांगायची तर कुठली? तुम्ही सांगायचात ती, की खरी? तुम्ही होतात तोवर मी विचारायचे आणि तुम्ही उडवून लावायचात. आता उडवून लावायला कुणी नाही. रविवारला चार दिवस आहेत आणि कालपासून मी मागावर बसून एकच बोटभर विणकाम तीनदा उसवलं आहे. माझ्याकडे विणकाम शिकणाऱ्या पोरी एकमेकींकडे बघतात.

तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी अम्मानं मला आतल्या खोलीतून बाहेर यायला बंदी केली होती. नवे आमदार येणार, तेही माळशिरसकडच्या जहागीरदारांच्या घरातले, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या विणकरांच्या त्या बोळात गाडी सुद्धा शिरत नव्हती. तुम्ही चालत आलात. जहागिरी तुमच्या आजोबांच्या वेळीच गेली होती, पण आमच्या वडलांच्या, म्हणजे नायनांच्या, तोंडून 'सरकार' काही जाईना. तुम्ही म्हणालात, "अहो, मी निवडून आलेला माणूस. सरकार मुंबईत बसतं." नायना हसले आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा 'सरकार' म्हणाले.

मी दाराच्या फटीतून बघत होते. तुम्ही मागाच्या कडेला, खाली जमिनीवर बसलात. चहा प्यायलात. मग रिकामा कप हातात धरून तसेच बसून राहिलात. मला कळेना, आणखी हवाय की काय. नंतर लक्षात आलं की कप रिकामा झाल्यावर तो कुठंतरी ठेवायचा असतो, हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं. कुणीतरी येऊन घेणार, असा जन्मभराचा भरवसा. शेवटी अम्मानं घेतला. हे मी तुम्हाला पुढे सांगितलं तेव्हा तुम्ही वैनींना हाक मारून म्हणालात, बघा, ही माझी अब्रू काढते. वैनी म्हणाल्या, काढू दे, तुम्ही अजून कप ठेवत नाही.

तर काम असं होतं. तुम्ही शहरात कलाभवन बांधलं होतं. नाटक, गाणं, शाहिरी, भजन, कव्वाली, ज्याला जे येतं ते त्यानं तिथं येऊन करावं, अशी तुमची कल्पना. त्याच्या दर्शनी भिंतीवर तुम्हाला तुमच्या आईचा, आईसाहेबांचा, चेहरा हवा होता. तैलचित्र नको, सोलापूरचं विणकाम हवं. तुम्ही आईसाहेबांचा जुना फोटो दिलात. तुमचे वडील हयात असतानाचा, डोक्यावर पदर, नाकात मोत्यांची नथ. उद्घाटनाला दोन महिने होते.

नायनांना विषमज्वर झाला तो त्याच आठवड्यात. ते अंथरुणाला खिळले आणि काम माझ्याकडे आलं. मी बावीस वर्षांची होते. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, कागदावर चौकटी आखून नक्षी मीच काढायचे. पण मागावर बायका बसत नसत. बायकांनी कांड्या भरायच्या, बिड्या वळायच्या. मी बसले, कारण दुसरं कुणी नव्हतं.

आता ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगावं लागतं, आणि तुम्हाला तर मी शंभरदा सांगितलं, की भिंतीवरचं विणकाम विणताना आम्हाला कापडाची पाठ दिसते. दोऱ्यांची टोकं, गाठी, सगळी वर. सुलट बाजू खाली, जमिनीकडे. त्यामुळे चित्र आधी उलटं करून घ्यावं लागतं. नायना कागद खिडकीच्या काचेला लावायचे आणि मागून गिरवायचे. हे काम त्यांचं होतं, मी कधी केलेलं नव्हतं. तापात ते बडबडत होते, अम्मा त्यांच्या उशाशी होती, आणि मी कागद काचेला न लावता तसाच ताण्याखाली, मागाच्या उभ्या दोऱ्यांखाली, सरकवला. अक्षरं असती तर पहिल्याच दिवशी चूक कळली असती. चेहरा कुणाला उलटा दिसतो?

विणून झालं, मागावरून कापलं आणि जमिनीवर सुलट पसरलं. मला ते सुंदर वाटलं. खरंच सांगते, मला काहीच खटकलं नाही. आमच्या घरात बायकांचं नाक उजवीकडे टोचतात. अम्माची चमकी उजवीकडे, आजीची उजवीकडे, माझी उजवीकडे. मला नथ जिथं असायला हवी तिथंच दिसत होती. नायना भिंतीला धरून उठून आले, फोटो हातात घेतला, एकदा फोटोकडे बघितलं, एकदा खाली. मग तिथंच बसले. तुमच्या मराठा घरात नथ डावीकडे. आमदाराच्या आईचं नाक मी या बाजूचं त्या बाजूला केलं होतं.

नायना एका चुकीच्या दोऱ्यासाठी वीतभर कापड उसवणारे. पण हे उसवून पुन्हा विणायला दोन महिने आणि हातात तीन दिवस. ते म्हणाले, जाऊन सांगायचं. लपवायचं नाही. आम्ही तुमच्या बंगल्यावर निघायच्या आत तुमची माणसं येऊन गुंडाळी घेऊन गेली. मग ठरलं, उद्घाटनाच्या आधी तुम्हाला गाठायचं. गर्दीत तुम्ही सापडलात कुठं? आम्ही दोघं खांबाजवळ उभे राहिलो. पडदा सरकला आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबल्यावर आईसाहेब उठल्या. दोन बायकांच्या आधारानं भिंतीजवळ गेल्या. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून अगदी नाक लावून बघत होत्या. बराच वेळ. तुमचे धाकटे बंधू तोवर शेजारच्याच्या कानाला लागले होते, कारण त्यांना चूक दिसली होती. मग आईसाहेबांनी विचारलं की हे कुणी केलं. तुम्ही हात करून मला पुढं बोलावलंत. नायना माझ्या मागं आले. मला वाटलं आता थोबाडीत बसणार.

आईसाहेबांनी माझी हनुवटी धरून कानडीत विचारलं, "यार हेळ्यार निनग?" तुला कुणी सांगितलं?

तुमच्या आई अक्कलकोटच्या पलीकडच्या, कानडी मुलखातल्या, हे तेव्हा सोलापुरात कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या माहेरी उजवीकडे टोचायची रीत. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिलं काम काय केलं तर डावीकडे दुसरं भोक पाडून घेतलं. ते महिनाभर पिकत राहिलं. उजवीकडचं तसंच बुजत गेलं. हे त्या तुम्हाला तिथं, सगळ्यांसमोर, अर्ध्या कानडीत आणि अर्ध्या मराठीत सांगत होत्या. "माझं नाक हिकडं टोचल्यालं व्हतं रं," एवढं वाक्य मी विसरणार नाही. तुम्ही चष्मा पुसून आईच्या नाकाकडे बघितलंत. विधवा बाईचं मोकळं नाक. डावीकडे भोक होतं. उजवीकडे एक बारीकसा खड्डा होता.

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही आईसाहेब, चुकलं माझं, एवढंच. मी खाली मान घातली. त्यांना तो माझा विनय वाटला. मी नायनांकडे बघितलं, ते बोलतील म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा ते चुकीबद्दल गप्प राहिले, कारण आईसाहेब रडत होत्या आणि हसत होत्या. घरी जाताना रिक्षात मी विचारलं, आता काय? ते म्हणाले, आता राहू दे. पुढं ते बारा वर्षं जगले, पण हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

तुम्ही मात्र माइक हातात घेतलात. म्हणालात, "पंचेचाळीस वर्षं मी आईचं तोंड बघतोय. या पोरीनं दोन महिने बघितलं आणि हिला दिसलं." संपलं. त्या दिवसापासून मी सोलापुरातली मोठी कलावंत झाले.

आबा, पुढाऱ्याच्या तोंडात गोष्ट किती फुगते हे मी तुमच्याकडून शिकले. पहिल्या वर्षी तुम्ही सांगायचात की पद्मानं, म्हणजे मी, आईसाहेबांच्या जुन्या मोलकरणीला गाठून विचारलं. दुसऱ्या वर्षी मी एसटीनं आईसाहेबांच्या माहेरी जाऊन आले. चौथ्या वर्षी मी तिथं आठ दिवस राहिले आणि विहिरीवरच्या बायकांत बसून गोष्टी काढल्या. मी समोर बसलेली असायचे. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवायचात, की नाही गं? आणि मी काय करणार? मीही हलवायचे. त्या गावाला मी आजतागायत गेलेली नाही.

पण तुम्ही गेलात, हे मात्र खरं. उद्घाटनाच्या पंधरवड्यातच तुम्ही आईसाहेबांना गाडीत घालून त्यांच्या माहेरी नेलंत. तुमच्या सगळ्या आयुष्यात तुम्ही त्या गावात पाऊल ठेवलेलं नव्हतं. म्हादूदादा सांगतो की गावच्या वेशीवर आईसाहेबांनी गाडी थांबवायला लावली आणि पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. तिथं त्यांना लहानपणच्या नावानं हाक मारणारी एकच बाई उरली होती. तुम्ही ते नाव पहिल्यांदा ऐकलंत. परत आल्यावर तीन दिवस तुम्ही कुणाला भेटला नाहीत, असं वैनी म्हणतात. तुमच्यासारख्या बोलक्या माणसानं तीन दिवस गप्प बसायचं म्हणजे फारच झालं.

तिथून तुम्हाला ते वेड लागलं. गावोगावच्या सभेत पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांना तुम्ही विचारायला लागलात, तुमचं माहेर कुठलं, माहेरचं नाव काय? कार्यकर्ते घड्याळ बघायचे. सभा दोन-दोन तास रेंगाळायच्या. श्रीपूरला एका ऊसतोडीवाल्या आजींनी नाव सांगता सांगता ओवी म्हटली, तर तुम्ही भाषण बाजूला ठेवून तीच ऐकत बसलात. विरोधक म्हणायचे, हा माणूस मतं मागायला आलाय की सोयरीक जमवायला? तिसऱ्या निवडणुकीत तुम्ही पडलात. मी म्हटलं, आबा, म्हाताऱ्या सगळ्या तुमच्याकडे, त्यांची पोरं दुसरीकडे. तुम्ही म्हणालात, चालेल, म्हाताऱ्या जास्त गोड आहेत.

पडल्यावर तुम्ही जास्त खूष दिसायला लागलात. रोज संध्याकाळी कलाभवनात पहिल्या रांगेत, उजवीकडून दुसऱ्या खुर्चीत. कानडी खेळ, आमची तेलुगू भजनं, दखनी मुशायरे, सगळं एका छताखाली. तुम्हाला सूर कळायचा नाही, ताल तर अजिबात नाही. शास्त्रीय गाणं सुरू झालं की दहाव्या मिनिटाला डोळे मिटायचे. आणि तरी गवय्या समेवर आला की तुम्ही झोपेतून 'वा' म्हणायचात, बरोब्बर जागेवर. एका बुजुर्ग गायकांनी मला विचारलं होतं, हे मोठे जाणकार दिसतात, डोळे मिटून ऐकतात. मी हो म्हटलं. तुमच्यासाठी मीही खोटं बोलले आहे, फिट्टंफाट समजा.

मला भवनाची मागची खोली तुम्ही दिलीत, तेव्हा आमच्या समाजातले चार वडीलधारे तुमच्याकडे तक्रार घेऊन आले होते. बायकांना मागावर बसवू नका, घरं मोडतील. तुम्ही त्यांना म्हणालात, बरं, नाही बसवत. आणि दुसऱ्या दिवशी सहा माग बसवले. आज त्या खोलीत चौदा बायका विणतात. त्यांतल्या दोघी त्याच वडीलधाऱ्यांच्या सुना, आणि विणकामाच्या पैशातून त्यांनी त्यांचीच नातवंडं शाळेत शिकवली. हे सगळं तुमच्यामुळे झालं. हे मी रविवारी सांगणार आहे, त्यात काही वाद नाही.

वाद तुमच्या 'आमची'वरून व्हायचा. आमचा सनईवाला, आमचा शाहीर, आमची पद्मा. पाहुणा आला की तुम्ही आम्हाला खानदानी भांड्यांसारखं काढून दाखवायचात. एकदा मी वैतागून सगळ्यांसमोर म्हटलं, आबा, मी तुमच्या जहागिरीत येत नाही, आमचं घर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. दुसरा कुणी जहागीरदार रुसला असता. तुम्ही पुढच्या कार्यक्रमात माझी ओळख करून दिलीत, "या सोलापूर महानगरपालिकेच्या पद्माबाई." लोकांना वाटलं मी नगरसेविका आहे. दोन जण नळाची तक्रार घेऊन आले.

आणि मग तो दिवस, श्रीपूरहून परत येतानाचा. आईसाहेब जाऊन वर्ष झालं होतं. गळिताचा हंगाम, पुढं उसाच्या बैलगाड्या, मागं ट्रॅक्टर, आणि आपली गाडी मध्ये अडकलेली. त्या दिवशी तुम्ही कारखान्यावरच्या लोकांना नथीची गोष्ट सांगितली होती, आणि त्यात या वेळी मी आईसाहेबांच्या माहेरी आजारी पडून तिथल्या बायकांनी माझी सेवा केली, असं आलं होतं. मला राहवेना. खरं तर त्या दोन महिन्यांत आजारी मी नव्हते, नायना होते, आणि ते जाऊन थोडेच दिवस झाले होते. मी सगळं सांगून टाकलं. कागद, काच, ताप, सगळं.

मला वाटलं, गेलं, आता माग गेले, खोली गेली. मग तुम्ही हसायला लागलात. इतके हसलात की म्हादूदादानं मागं वळून बघितलं. डोळे पुसून म्हणालात, "हे मला सांगितलंस, बास. आता कुणाला नको."

का नको? यावर आपण बावीस वर्षं भांडलो. तुमचं म्हणणं असं की आपल्याबद्दल कुणीतरी विचारलं, एवढ्या समाधानात आई गेली, ते काढून घेऊ नको. मी म्हणायचे, त्या आता नाहीत, त्यांचं काय काढून घेणार? तुम्ही म्हणायचात, मग माझं राहू दे. मी म्हणायचे, पण मी रोज पोरींना सांगते, कागद काचेला लावा, दोनदा बघा, चुकलं तर कबूल करा. आणि त्याच इमारतीच्या दारात माझी सगळ्यात मोठी चूक टांगलेली आहे, आणि पोरी तिला नमस्कार करून आत येतात. नवी मुलगी आली की विचारते, बाई, तुम्हाला कसं कळलं? मी तिच्या हातात कांडी देऊन तिला कामाला लावते. मी दुसरा पट विणून देते, डाव्या नथीचा, हा काढा, असंही मी म्हणून बघितलं. त्या दिवशी तुम्ही खरंच चिडलात. तेवढं एकदाच.

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आबा, म्हणून आता सांगते. तुमच्या गोष्टीतली ती हुशार, मनकवडी मुलगी मला आवडायची नाही, कारण ती तुम्ही बनवलेली होती. खरी होती ती घाबरलेली मुलगी. बाप तापानं फणफणलेला, मागावर बसायची परवानगी नाही, आणि तरी दोन महिने एकटीनं बसून तिनं एका बाईचा चेहरा विणला. चुकला, पण विणला. तुम्ही सगळं काही दिलंत मला, आणि ती मुलगी तेवढी पुसून टाकलीत. तुमच्या लक्षातही आलं नाही. रागावले नाही, फक्त सांगून ठेवते.

गेल्या महिन्यात मी शेवटची आले तेव्हा तुम्ही व्हरांड्यात बसला होतात. डॉक्टरांनी शेंगाचटणी बंद केलेली, आणि मी ती पदराखाली आणलेली. कडक भाकरी दुधात भिजवून तुम्ही ती चटणी लावून खाल्लीत, आणि वैनी आल्या की डबा माझ्या मांडीवर सरकवलात. पोट भरलेलं बघून मी विषय काढला. म्हटलं, आबा, ती नथ चुकून उजवीकडे गेली...

"पद्माबाई," तुम्ही हात वर करून म्हणालात, "तिकडचा पडदा जरा ओढ. ऊन येतंय."

पडदा ओढून मी निघाले. म्हटलं, पुढच्या वेळी पुरं ऐकावं लागेल. तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी नक्की. तुमचा चेहरा अगदी लबाड दिसत होता. मला राग आला होता, पण बसस्टॉपपर्यंत जाईतो हसूही आलं.

काल निरोप सांगून झाल्यावर मी म्हादूदादाला बसवून घेतलं. चहा दिला. म्हटलं, दादा, ती गोष्ट आहे ना, त्यात थोडी गडबड आहे. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "मला ठावं हाय की. उसाच्या गाड्यांमागं अडाकलो व्हतो तवाच ऐकलं." बावीस वर्षं! मी विचारलं, कुणाला सांगितलंस? तो म्हणाला, "कुनाला सांगू? मला कुनी इचारलं न्हाय." मग मी विचारलं की रविवारी काय करू. त्यानं बशी संपवली, मिशी पुसली. "खरं सांगा. लोकं हसतील. हसू द्या की. सायबांना हसल्याली सभा लई आवडायची."

त्याच्या बोलण्यानं मला एकदम मोकळं वाटलं. तुम्हाला भीती होती की खरं सांगितलं तर आईसाहेबांचं ते रडणं-हसणं खोटं पडेल. नाही पडणार, आबा. मी चुकले, हे खरं. पण चुकीकडे बघून आईला गाडीत घालून माहेरी नेणारे तुम्ही होतात. म्हाताऱ्यांना नाव विचारत निवडणूक हरणारे तुम्ही होतात. ते तर चुकून झालं नव्हतं. कलाभवनात इतकी वर्षं जे झालं, ते माझ्या मनकवडेपणातून नव्हे, तुमच्या विचारण्यातून. तुमची गोष्ट सांगताना तुम्ही स्वतःलाच त्यातून वगळलं होतंत. मी तुम्हाला त्यात परत घालणार आहे. त्या घाबरलेल्या मुलीलाही.

तर ठरलं. रविवारी मंत्री बोलतील, चेअरमन बोलतील. मग मी उभी राहीन आणि म्हणेन, ती नथ चुकून उजवीकडे गेली. गाडीतल्या त्या दिवसानंतर या वाक्याच्या पुढं तुमच्यासमोर मी कधी गेलेच नाही. कधी तुम्हाला ऊन लागायचं, कधी फोन यायचा, कधी चष्मा सापडायचा नाही. त्यामुळे पुढचं वाक्य बावीस वर्षांत माझ्याकडे तयारच नव्हतं. आत्ता तुमच्याशी बोलता बोलता केलं, पोरींनाही म्हणून दाखवेन. पण ते लगेच बोलणार नाही. तुम्ही मध्ये अडवायचात तेवढी जागा ठेवून तिथं मी जरा थांबणार आहे. मंत्र्यांना वाटेल बाईंना रडू आलं, म्हादूदादाला बरोबर कळेल. कुणीच मला अडवलं नाही, की मग पुढचं सांगेन.